थोरल्याला किल्ट घालायचा नाही : दिराचं लग्न तोंडावर आलंय

नदीकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही स्कॉटलंडमध्ये, इन्व्हरनेसच्या जवळ राहतो. नवरा इथलाच, हायलँडमधला (उत्तरेकडच्या डोंगराळ भागातला). मी साताऱ्याची. मे महिन्यात धाकट्या दिराचं लग्न आहे. इथे लग्न म्हटलं की घरातले झाडून सगळे पुरुष किल्टमध्ये (चौकड्यांच्या लोकरी कापडाचा, गुडघ्यापर्यंतचा, निऱ्यांचा पोशाख) असतात. नवरदेव, करवले, सासरे, चुलतसासरे, शेजारचे आजोबा, सगळेच. कोणी आग्रह करत नाही, पण दुसरं काही घालायचं कोणाच्या मनातही येत नाही.

आमचा धाकटा मुलगा ६ वर्षांचा आहे, त्याचा काही प्रश्न नाही. त्याने कालपासूनच चामड्याचा बटवा (स्पोरन) कमरेला अडकवलाय आणि तो लावूनच जेवायला बसतो. थोरला १३ चा. लहानपणी प्रत्येक लग्नात, शाळेत सेंट अँड्र्यूज डेला हौसेने किल्ट घालायचा. आता मात्र "सूट घालतो, किल्ट नाही" या एकाच वाक्यावर अडून बसलाय. कारण विचारलं तर "असंच".

नवऱ्याचं म्हणणं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे, घालेल. सासूबाई काही बोलत नाहीत, पण त्यांना लागलंय हे कळतं. मला जबरदस्ती करायची नाही. पण हा त्याच्या बापाच्या घरचा पोशाख आहे आणि तो नीट विचार न करताच याने सोडून द्यावा, असंही वाटत नाही. या वयाच्या मुलांशी कसं बोललात, काय केलंत, ते कृपया सांगा. परदेशातलेच अनुभव हवेत असं नाही.

घाटवाट

आम्ही एडिनबरात राहतो. मुलगा आता १७ चा आहे. आमचा नवरा-बायकोचा दोघांचाही इथल्या मातीशी संबंध नाही, तरी शाळेच्या निरोप समारंभासाठी त्याने स्वतःहून किल्ट भाड्याने आणला. पण १२ ते १४ या काळात त्याचंही तुमच्या लेकासारखंच होतं.

"असंच" म्हणतो तेव्हा बहुतेकदा कारण सांगायची लाज वाटत असते. इथल्या मुलांना किल्ट घातला की एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो, आत काय घातलंयस? मोठे पुरुष हसून सोडून देतात, १३ वर्षांच्या मुलाला ते जमत नाही. मागून कोणी उचलून पाहील ही भीती अगदी खरी असते. आतून काळी घट्ट सायकलिंग शॉर्ट्स घालायची, हे आधीच ठरवून टाका आणि बापानेच सांगू दे. "खरा स्कॉट आत काही घालत नाही" वगैरे गमती घरातल्या काकांनी त्याच्यासमोर बंद करायच्या. हायलँड नृत्यस्पर्धांत, खेळांत सगळे आत व्यवस्थित घालूनच उतरतात, हेही त्याला माहीत असू दे.

दुसरं म्हणजे लोकर. आठ यार्डांचा पूर्ण किल्ट म्हणजे नऊवारीपेक्षा वारभरच कमी कापड, आणि तेही जाड लोकरीचं. मांड्यांना टोचतं. शॉर्ट्सने तोही प्रश्न सुटतो.

पाऊसवेडी

मला थोडं वेगळं म्हणायचंय. १३ वर्षांच्या मुलाने स्वतःच्या अंगावर काय घालावं हे त्याला ठरवू द्यावं. तो सूट घालायला तयार आहे, जीन्सवर जातो म्हणत नाहीये. सासूबाईंना वाईट वाटेल म्हणून मुलाने आठ तास अवघडून बसायचं, हे मला पटत नाही.

नदीकाठ

घाटवाट, शॉर्ट्सचं आजच नवऱ्याच्या कानावर घालते. काकांच्या गमती हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. आमच्याकडे त्या भरपूर चालतात.

पाऊसवेडी, तुमचं म्हणणं मनापासून पटतं. शेवटी नाहीच म्हणाला तर नाहीच, हे मी नवऱ्याशी बोलून ठरवलंय आणि त्यालाही सांगणार आहे. पण नकार कशाला आहे हे कळल्याशिवाय विषय सोडला, तर त्याच्या मनात जे काही आहे ते तसंच राहील, याची मला जास्त काळजी वाटते.

तिरफळ

मधला मार्ग आहे की. ट्रूज! टार्टनच्या, म्हणजे किल्टच्याच चौकड्यांच्या कापडाची पँट. ही काही आजची तडजोड नाही, हायलँडमध्ये, विशेषतः घोड्यावर बसणारे लोक, जुन्या काळापासून ट्रूज घालत आले आहेत. वर तेच जॅकेट, तीच कमरकोटाची बटणं. फोटोत तो सगळ्यांच्यात असेल आणि गुडघेही झाकलेले राहतील. माझ्या नणंदेच्या लग्नात दोन पाहुणे ट्रूजमध्ये होते आणि फार रुबाबदार दिसत होते. भाड्याने देणाऱ्या दुकानात विचारा, बऱ्याच ठिकाणी मिळतात.

जुनाजाणता

नदीकाठ, तुम्ही इन्व्हरनेसजवळ राहता म्हणजे कलोडनचं मैदान तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. मुलाला तिथे घेऊन जा, शाळेच्या सहलीत पाहिलं असलं तरी. १६ एप्रिल १७४६ ला तिथे जॅकोबाइट फौजेचा, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने लढणाऱ्यांचा, पाडाव झाला. त्याच वर्षी लंडनच्या संसदेने कायदा केला, तो १ ऑगस्ट १७४७ पासून लागू झाला. हायलँडचे कपडे घालायला बंदी. किल्ट, प्लेड (अंगावरून घ्यायचं लांब लोकरी वस्त्र), ट्रूज, खांद्यावरचा पट्टा, सगळंच. त्या कायद्यात "पुरुष किंवा मुलगा" असे स्पष्ट शब्द आहेत. म्हणजे तुमच्या लेकाच्या वयाची मुलंसुद्धा त्यात धरलेली होती. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने कैद, दुसऱ्यांदा सापडला तर सात वर्षं समुद्रापार हद्दपारी. सवलत होती ती सैन्यातल्या हायलँड पलटणींना. बायका या बंदीत नव्हत्या. १७८२ साली हा कायदा उठला, म्हणजे ३५ वर्षं, एक अख्खी पिढी हे कपडे अंगाला न लावता मोठी झाली.

हे सांगायचं ते "बघ लोकांनी किती सोसलं, आता तू घाल" अशा सुरात नको. त्या सुरात सांगितलं तर मुलगा आणखी दूर जाईल. नुसतं सांगायचं आणि सोडून द्यायचं. एका कपड्याला सरकार इतकं का घाबरलं, हा प्रश्न १३ वर्षांच्या मुलाला पडण्यासारखा आहे.

आणि एक गोष्ट तुमच्या उपयोगाची. अमुक घराण्याचं अमुकच टार्टन, हा कडक नियम लोक समजतात तेवढा जुना नाही. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला, सर वॉल्टर स्कॉटने सगळा सोहळा आखला, राजाने स्वतः किल्ट घातला, आणि मग टार्टनची लाटच आली. बॅनकबर्नच्या विल्सन नावाच्या विणकर घराण्याने तर १८१९ मध्येच नमुन्यांची मोठी वही तयार ठेवली होती. घराण्यांची नावं पक्की चिकटली ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकात. त्यामुळे लग्नात घराण्याचंच टार्टन घातलं पाहिजे असा हट्ट कोणी धरत असेल, तर मुलाला दुसरं निवडायची मोकळीक बेलाशक द्या. ब्लॅक वॉच आहे, आयल ऑफ स्काय आहे, जी कोणीही घालावीत अशी कितीतरी आहेत.

कोकणसडा

जुनाजाणता, नेहमीप्रमाणे माहितीपूर्ण. एक पुरवणी जोडतो. या पोशाखवाल्या पलटणी आपल्याकडेही येऊन गेल्यात. २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई, आताच्या जालना जिल्ह्यात. शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर इंग्रज सेनापती वेलस्लीच्या बाजूने ७४ आणि ७८ क्रमांकाच्या हायलँड पलटणी होत्या. ७४ व्या पलटणीची त्या दिवशी शिंद्यांच्या तोफांपुढे भयंकर कत्तल झाली. साताऱ्याचे आजोबा लग्नाला येणार असतील तर नातवाला हे त्यांच्याकडून ऐकू द्या. त्याच्या आईकडची आणि बापाकडची माणसं एकाच माळावर समोरासमोर उभी होती.

गवतीचहा

मी पुण्यात असते, किल्ट फक्त फोटोत पाहिलाय. कोणी सांगेल का, हा घालतात कसा? नुसता गुंडाळायचा असतो का?

नदीकाठ

गवतीचहा, सांगते, कारण यातच बराचसा पोरांचा वैताग आहे.

आधी पायमोजे आणि बूट. किल्ट नेसल्यावर वाकणं अवघड होतं म्हणून. जाड लोकरीचे मोजे गुडघ्याच्या खाली तीन बोटांवर दुमडायचे, आत इलॅस्टिकचा पट्टा, त्याला फ्लॅशेस नावाच्या दोन रंगीत फिती, त्या बाहेरच्या बाजूने दिसल्या पाहिजेत. बुटांना जीभ नसते. लांबलचक नाड्या पुढे चार-पाच पीळ देऊन घोट्याभोवती फिरवायच्या आणि पुढे किंवा बाजूला गाठ मारायची. सैल मारली तर पाच मिनिटांत घसरून बुटावर गोळा होतात.

मग किल्ट. पुढे दोन सपाट पदर आणि मागे शिवून बसवलेल्या निऱ्या. आतल्या पदराचा पट्टा डाव्या कमरेशी असलेल्या चिरेतून बाहेर काढून आवळायचा, मग वरचा पदर उजवीकडे नेऊन तिथले पट्टे लावायचे. किल्ट बेंबीपाशी बसतो, पँटसारखा खाली नाही, आणि खालची कड गुडघ्याच्या वाटीवर. पिन लावतात ती फक्त वरच्या पदराला, दोन्हीतून टोचली तर चालताना कापड फाटतं. शेवटी साखळीला अडकवलेलं स्पोरन पुढे मधोमध.

लहान मुलांच्या किल्टला हे काहीच नसतं. इलॅस्टिक नाहीतर चिकटपट्टी, कापडही हलकं, दोन मिनिटांत अंगावर.

घाटवाट

नदीकाठ, तुमच्या शेवटच्या ओळीवरून विचारते. थोरल्यासाठी तुम्ही कुठला बघितलाय? चिकटपट्टीवालाच ना, धाकट्यासारखा?

नदीकाठ

हो. दुकानाच्या वेबसाइटवर मुलांचा सेट म्हणून जो आहे तोच. दोघांचा एकदम, मॅचिंग.

घाटवाट

मग मला वाटतं एक गाठ इथेच आहे. ६ वर्षांच्या भावासारखा हुबेहूब कपडा, त्याच रंगात, आणि लग्नभर बायका "किती गोड!" म्हणत दोघांना शेजारी उभं करून फोटो काढणार. १३ वर्षांच्या मुलाला यापेक्षा नकोसं काही नसेल. मुलांचा सेट काढून टाका. बापाबरोबर त्याला दुकानात पाठवा, तुम्ही जाऊ नका. मोठ्यांच्या विभागात माप घेऊ दे. पट्ट्यांचा, निऱ्यांचा खरा लोकरीचा किल्ट. टेलर कमरेला टेप लावून बापाशी बोलतो तसं त्याच्याशीही बोलला पाहिजे. आमच्याकडे या एका गोष्टीने निम्मं काम झालं.

रानजाई

अगदी हेच लिहायला आले होते. माझी लेक हायलँड नृत्य करते. तिच्या वर्गात मुलीच जास्त, त्या सगळ्या किल्टच घालून नाचतात आणि तो त्यांना आपला गणवेश वाटतो. घाम, सुया, मोज्यांना आतून लावायचा चिकटा, सगळं त्या स्वतः सांभाळतात. त्यांना कोणी "गोड दिसतेस" म्हणत नाही, तर "पाऊल नीट पडलं का" विचारतात. थोरल्याला लग्नात काहीतरी खरं काम द्या. पाहुण्यांना जागा दाखवणं, बॅगपाइप वाजवणाऱ्याला वेळ कळवणं. किल्ट हा त्या कामाचा पोशाख झाला की त्याच्याकडे बघायची नजर बदलते.

लालमाती

ग्लासगोहून. मुलगा फुटबॉल बघतो का? बघत असेल तर टार्टन आर्मीचे फोटो दाखवा. स्कॉटलंडच्या सामन्याला जाणारे हजारो लोक, वर संघाची जर्सी, खाली किल्ट, मोजे घोट्यापर्यंत घसरलेले आणि पायात डोंगर चढायचे बूट. १९९८ च्या विश्वचषकात ब्राझीलविरुद्धच्या पहिल्या सामन्याआधी तर स्कॉटलंडचे खेळाडूच पॅरिसच्या मैदानावर किल्टमध्ये उतरले होते. माझ्या पोराने नाड्यांचे बूट घालायला साफ नकार दिला होता. त्याचे स्वतःचे काळे बूट घालू दिले आणि वाद संपला. सासरच्यांना चाललं तर तुम्हीही तेच करा. नाही चाललं तरी करा.

नदीकाठ

मंडळी, काल बरंच काही बाहेर आलं. बापलेक दुकानात माप द्यायला गेले होते. मी घरीच थांबले. परतीच्या वाटेवर गाडीत तो बापाशी बोलला.

इथल्या शाळांत डिसेंबरमध्ये व्यायामाच्या तासाला केलीचे (स्कॉटिश लोकनृत्याच्या मेळाव्यातले) नाच शिकवतात. गे गॉर्डन्स, स्ट्रिप द विलो वगैरे. मुलं-मुली हात धरून. त्या तासाला किल्टचा विषय निघाला आणि एका मुलाने याला सांगितलं की तू किल्ट घातलास तर फॅन्सी ड्रेसला आल्यासारखा दिसशील. बाकीचे हसले. याचा रंग माझ्यावर गेलाय, केस माझ्यासारखे. नाव बापाचं, आडनाव बापाचं, घरात आजी गेलिकमध्ये (हायलँडच्या जुन्या भाषेत) हाक मारते, आणि तरी त्या पोराने याला बाहेरचं ठरवलं. बापाला वाईट वाटेल म्हणून इतके दिवस हा काही बोलला नाही.

मला ऐकून संताप आला आणि रडूही आलं. नवरा दोन तास काही बोलला नाही. शाळेशी आम्ही बोलणार आहोत, तो विषय वेगळा. पण लग्नाचं काय करावं हे आता मला आणखी कठीण वाटतंय.

पाऊसवेडी

नदीकाठ, वाचून वाईट वाटलं. तुम्ही विषय सोडून दिला नाहीत हे फार बरं झालं. मी आधी लिहिलं ते या माहितीशिवाय लिहिलं होतं. आता हा नकार त्याचा स्वतःचा की त्या वर्गातल्या मुलाचा, हे बघायला हवं.

जुनाजाणता

त्याला एवढंच दाखवा. स्कॉटलंडच्या सरकारी दप्तरात टार्टनची अधिकृत नोंदवही आहे, २००९ पासून. कोणीही नवीन नमुना नोंदवू शकतं. तिच्यात सिंग नावाचं टार्टनही आहे, तिथल्या शीख लोकांसाठी केलेलं. पगडी आणि किल्ट अशा वेषात तिथे शीख तरुण लग्नाला उभे राहतात आणि त्यात कोणाला नवल वाटत नाही. ज्याला बाप-आजोबांकडून हा पोशाख मिळालाय, त्याने तर कोणाची परवानगी मागायचीच नाही.

कोकणसडा

मग किल्टवर फेटा बांधू दे! साताऱ्याचे आजोबा येणारच आहेत. दोन्ही घरं एकदम दिसतील.

रानजाई

कोकणसडा, भावना छान आहे, पण कृपया हे सुचवू नका. पोराला आधीच "सगळे माझ्याकडे बघतील" ही धास्ती आहे. त्यात फेटा म्हणजे लग्नभर प्रत्येक जण विचारणार आणि तो दोन संस्कृतींचं प्रदर्शन होऊन बसणार. त्याने स्वतः मागितला तर जरूर. आपण ते ओझं त्याच्यावर टाकू नये. आत्ता त्याला इतर चुलतभावंडांसारखं, कोणाच्या डोळ्यांत न भरता उभं राहता आलं पाहिजे.

कोकणसडा

पटलं. मागे घेतो.

लालमाती

बापाने त्याला एकच सांगावं, की तू माझा मुलगा आहेस आणि हा आपला पोशाख आहे, घालायचा की नाही ते तू ठरव. आणि खरंच ठरवू द्यावं. ट्रूज, सूट, किल्ट, तिन्ही दुकानातून मागवून ठेवा. वाटल्यास जास्तीचे पैसे जाऊ देत.

नदीकाठ

लालमाती, जवळपास तेच केलं. नवऱ्याने त्याला हेच सांगितलं, आणि स्वतःच्या लग्नातला आमचा फोटो काढून दाखवला, ज्यात माझे बाबा, म्हणजे त्याचे साताऱ्याचे आजोबा, किल्ट नेसून उभे आहेत. त्या वेळी सासऱ्यांनी त्यांना हौसेने नेसवला होता. थोरल्याने हा फोटो कधी नीट पाहिलाच नव्हता. बराच वेळ बघत होता. मग विचारलं, आजोबांना टोचत नव्हता का?

काल रात्री त्याने ठरवलं. किल्ट घालणार, पण घराण्याचा लालभडक नाही, ब्लॅक वॉचचा गडद हिरवा-निळा. भपकेबाज प्रिन्स चार्ली जॅकेट नको, साधं अर्गाइल जॅकेट. बूट स्वतःचे. सासूबाईंना टार्टन वेगळं म्हणून आधी खट्टू वाटलं, पण त्यांनी त्याच्यासमोर "चांगली निवड आहे" एवढंच म्हटलं. त्यांचे मी मनापासून आभार मानले. पाहुण्यांना जागा दाखवायचं काम दिराने त्याला दिलंय. मोज्यात खोचायचा छोटा सुरा, स्कीन डू, मात्र खरा हवाय त्याला. राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून तो बाळगायला कायद्यात मुभा आहे हे त्याने स्वतः शोधून काढलंय. आम्ही प्लास्टिकचाच देणार, यावर नवरा आणि मी ठाम आहोत.

एक शेवटचं विचारते. दिवसभर वावरताना अवघडू नये म्हणून काय सराव करून घ्यावा?

घाटवाट

फार आनंद झाला. सराव असा. किल्ट चार दिवस आधी मिळेल असं बघा आणि संध्याकाळी घरात तासभर घालू दे, भावंडांना फोटो काढू न देता. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बसणं. बसताना दोन्ही हातांनी मागच्या निऱ्या खालच्या बाजूला सपाट सारून मग टेकायचं, नाहीतर चुरगळतात आणि मागून वर राहतात. बसल्यावर स्पोरन मांड्यांच्या मध्ये सोडायचं, पुढचा पदर आपोआप खाली राहतो. गाडीत चढताना आधी बसायचं, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. उतरतानाही तसंच उलट. एकदा पार्किंगमध्ये करून बघितलं की जमतं. आणि स्ट्रिप द विलोमध्ये गिरक्या घेताना मागून घेर उडतो, तेव्हा त्या काळ्या शॉर्ट्स विसरू नका. जास्तीची एक जोडी पिशवीत ठेवा, धाकट्यासाठीही.